पोरीच्या कॉलेजात जिथं तिथं संतांचे पुतळे, हे कोण कोण आहेत आणि हात जोडायचे का?

केळीपट्टा_चोपडा

नमस्कार मंडळी, चोपडा तालुक्यातला केळीवाला माणूस आहे, प्रश्न जरा वेगळा आहे, हसू नका. आमची पोरगी यंदा बंगलोरला एका कॅथलिक युनिव्हर्सिटीत बीकॉमला लागली, नाव लिहीत नाही, उगाच पोरीला त्रास नको. जूनमध्ये सोडायला मी, मंडळी आणि आमची आई असे गेलो, भुसावळहून कर्नाटक एक्स्प्रेस पकडली. आई हट्टानंच आली, म्हणे नात कुठं ऱ्हाणार ते माले मन्हा डोयाघाई देखनं शे.

कॅम्पस एक नंबर, झाडी काय, स्वच्छता काय. पण जिथं तिथं पुतळे. गेटातून आत गेलं की पांढरी-निळी मेरी माता, तेवढी आपल्याला माहीत आहे, पण तिच्या पायाखाली चक्क साप. आईनं आधी हात जोडले, मग खाली नजर गेली आणि पटकन हात मागं घेतले, "नागवर पाय देईसन उभी शे ना वं ही माय!" आमच्या घरात नागपंचमीला चुलीवर तवा चढत नाही, भाजी चिरत नाहीत, आता तिला काय सांगू. पुढं लायब्ररीपाशी एक चॉकलेटी झगेवाला, डोक्याच्या मधोमध तासलेलं, हातावर बाळ. हॉस्टेलसमोर दुसरा एक दाढीवाला, त्याच्याही हातावर बाळ. बागेत एक नन, हातात गुलाबाची फुलं. ऑडिटोरियमच्या दारात एक जाडजूड बुवा, काळापांढरा झगा आणि छातीवर सूर्य. आणि ऑफिससमोर सगळ्यात मोठा पुतळा, लांब पांढरी दाढी, चेहरा अगदी आपल्याकडच्या म्हाताऱ्यासारखा, फॉरेनचा वाटतच नाही. आई प्रत्येकापुढं थांबून विचारायची "हाऊ कोन देव शे?" आणि मी गप्प. वॉचमनला विचारलं तर तो "सेंट, सेंट" एवढंच बोलला.

आता गावात आल्यापासून पाव्हणे डोकं खाऊन राहिले की पोरीला रोज पुतळ्यापुढं वाकावं लागत असेल, तुम्ही पाठवलंच कसं. पोरगी म्हणते काहीच सक्ती नाही, पण ती जाता-येता हात जोडते कारण घरात तीच सवय, तर तसं केलं तर चालतं का, त्यांना राग येतो का, की उलट आपलंच काही चुकतं? अजून एक, तिच्या सीनियरनं सांगितलं की मार्च-एप्रिलमध्ये चर्चमधले पुतळे जांभळ्या कपड्यानं झाकून ठेवतात. ते काय असतं? मला तर आपली इलेक्शनची आचारसंहिताच आठवली.

भुसावळ_जंक्शन

आबा, आचारसंहिता वाचून एकटाच हसत बसलो. मी कॅथलिक, आजोबा गोव्याहून जीआयपी रेल्वेत फायरमन म्हणून भुसावळला आले ते इथलेच झाले, घरात कोकणी, बाहेर मराठी आणि भरीत-भाकरी दोन्हीकडं. तर एकेक सांगतो.

पहिली गोष्ट, यातला एकही देव नाही. संत म्हणजे माणसं, मेलेली माणसं. त्यांच्या हातात काय आहे ते बघायचं, तोंडाकडं बघून काही कळत नाही कारण पुतळे करणारे सगळ्यांना सारखंच गोरंपान तोंड देतात. आपण शंख-चक्र दिसलं की विष्णू म्हणतो, त्रिशूळ दिसला की शंकर, अगदी तसंच. हातात किल्ल्या म्हणजे पीटर. तलवार म्हणजे पॉल. ताटलीत दोन डोळे घेऊन उभी असेल तर लुसी, डोळ्यांच्या दुखण्याला तिला साकडं घालतात, माझ्या बहिणीला लहानपणी त्या ताटलीची जाम भीती वाटायची.

तुमचे दोन बाळवाले, यात सगळे फसतात. दाढी असेल तर जोसेफ, येशूचा पालक बाप, धंद्यानं सुतार, म्हणून कधी हातात गुण्या नाहीतर रंधा असतो, कधी पांढऱ्या लिलीची काठी. दाढी नाही, चॉकलेटी झगा, कमरेला दोरी, आणि बाळ बहुतेक वेळा पुस्तकावर बसलेलं, तर तो पाडुआचा अँथनी. जन्म लिस्बनचा, ११९५ चा, गेला १२३१ मध्ये, आणि वर्षाच्या आत रोमनं संत म्हणून जाहीर केला, एवढी घाई फार कमी जणांच्या बाबतीत झाली असेल. हरवलेली वस्तू सापडून देणारा संत तो हाच. त्याचं स्तोत्रांचं पुस्तक एक शिकाऊ ब्रदर घेऊन पळाला होता, यानं प्रार्थना केली आणि तो पोरगा पुस्तक घेऊन परत आला अशी गोष्ट सांगतात. आमची आई किल्ली सापडली नाही की आधी अँथनी आणि मग आम्हाला शिव्या. लायब्ररीपाशी त्यालाच का उभा केला ते मला ठाऊक आहे असं नाही पण जागा बरोबर निवडली, पुस्तकं तिथंच हरवतात.

गुलाबवाली म्हणजे लिझ्यूची तेरेसा, मदर तेरेसा नव्हे हां, ही फ्रान्सची, मदरनं नाव हिच्यावरूनच घेतलं. १८९७ मध्ये टीबीनं गेली तेव्हा फक्त २४ वर्षांची होती. मेल्यावर आपण स्वर्गातून गुलाबाची फुलं पाडू असं म्हणून गेली, म्हणून ती फुलं. मजा म्हणजे कॉन्व्हेंटच्या भिंतीबाहेर पडून ती कधी कुठं प्रचाराला गेली नाही आणि तरी १९२७ मध्ये पोपनं तिला जगभरच्या मिशनांची आश्रयदाती केलं.

छातीवर सूर्यवाला थॉमस अक्वायनस. हा तुमच्या पोरीच्या कामाचा, कॅथलिक शाळा-कॉलेज-युनिव्हर्सिट्यांचा आश्रयदाता म्हणून १८८० मध्ये पोपनं जाहीर केलेला. शिकत होता तेव्हा अंगानं आडदांड आणि बोलणं कमी, तर वर्गातली पोरं त्याला मुका बैल म्हणायची. त्याचे सर म्हणाले, हा बैल हंबरला की सगळ्या जगाला ऐकू जाईल. आणि झालंही तसंच, सातशे-साडेसातशे वर्षं झाली, अजून फिलॉसॉफीवाले त्याच्यावरच भांडतात. पोळ्याला आठवण काढा त्याची.

आता सापाचं. तो आपला नागोबा नव्हे. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात सैतान सापाच्या रूपात येऊन आदम-हव्वेला फसवतो, तेव्हा देव म्हणतो की बाईच्या वंशाशी तुझं वैर राहील, तुझं डोकं ठेचलं जाईल. मेरीच्या पायाखाली तो साप आहे. आजींना सांगा कालियामर्दन आठवा, कृष्णही फण्यावर नाचतोच की.

कपड्याचं असं की ईस्टरच्या आधी ४० दिवसांचा उपासकाळ असतो, त्यातले शेवटचे दोनेक आठवडे चर्चमधले क्रूस आणि पुतळे जांभळ्या कापडानं झाकायची जुनी रीत आहे, सगळीकडं पाळतात असंही नाही. दुःखाचा काळ, डोळ्यांनाही उपास. ईस्टरच्या आदल्या रात्रीपर्यंत उघडतात. बाहेर आवारातले शक्यतो झाकत नाहीत, त्यांना ऊन-पाऊस पुरेसा आहे.

दाढीवाल्या बाबाचं वर्णन वाचून मला अंदाज आहे पण इथं एकजण आहे तो जास्त चांगलं सांगेल.

नेंद्रन_विरुद्ध_श्रीमंती

हां, मी आलो. केळीच्या टिश्यू कल्चर रोपांच्या कामानं केरळात बऱ्याच चकरा झाल्यात म्हणून सांगतो, बंगलोरचं कॅथलिक विद्यापीठ, आवारात पांढऱ्या लांब दाढीचा भारतीय चेहऱ्याचा संत म्हणजे बहुतेक कुरियाकोस इलायस चावरा. जन्म १८०५, मृत्यू १८७१, सीएमआय नावाचा संन्याशांचा संघ १८३१ मध्ये काढला त्यात हा एक, आणि त्या संघाच्या भारतभर शाळा-कॉलेजं आहेत. पोप फ्रान्सिसनी २३ नोव्हेंबर २०१४ ला त्याला संत जाहीर केलं.

केळीवाल्या भाऊंसाठी खास गोष्ट. चावराला छापखाना काढायचा होता, त्या काळी केरळात छापखाने होते पण हाताच्या बोटावर मोजण्याइतके. तो त्रिवेंद्रमला जाऊन सरकारी छापखाना बघून आला, आणि आल्यावर केळीच्या खांबाचं मॉडेल कापून बनवलं, ते सुताराला दाखवलं आणि त्यावरून लाकडी छापखाना उभा केला असं सांगतात. मन्नानम गावात, १८४६. नंतर १८८७ मध्ये तिथूनच दीपिका नावाचं मल्याळी वर्तमानपत्र निघालं, ते आजही चालतं. आपण घड कापला की खांब बांधावर फेकतो नाहीतर गुरापुढं टाकतो, आणि त्या माणसानं त्यात मशीन बघितलं. त्याच मन्नानमला त्यानं १८४६ मध्ये संस्कृत शाळा काढली, ख्रिस्ती साधूनं संस्कृत शाळा, आणि त्यात खालच्या मानलेल्या जातींची पोरंही घेतली. आपल्या फुल्यांची भिडे वाड्यातली शाळा १८४८ ची, म्हणजे साधारण एकाच काळात दोन टोकांना हे चाललं होतं. पुढं १८६४ मध्ये चर्चचा अधिकारी असताना त्यानं हुकूमच काढला की प्रत्येक चर्चच्या बाजूला शाळा पाहिजे. मल्याळीत शाळेला पळ्ळिक्कूडम म्हणतात, पळ्ळी म्हणजे देऊळ किंवा चर्च, हा शब्द कुठून आला त्यावर तिथले लोक रात्रभर वाद घालतात, मी ऐकत बसलोय.

त्यामुळे ऑफिससमोर सगळ्यात मोठा तोच असणार. मला विचाराल तर त्याला हात जोडायला काहीच हरकत नाही.

सडेतोड_पारोळा

सगळं गोड गोड चाललंय. पण भाऊ, एवढे पुतळे कशाला उभे करतात? पोरांच्या डोक्यात हळूहळू भरायलाच ना. अठरा वर्षांची पोरं, घरापासून हजार किलोमीटर. आपल्याकडं कॉलेजात गणपती बसवला की लगेच सेक्युलर आठवतं लोकांना.

धुळे_कोर्ट_रोड

सडेतोड भाऊ, गणपती आपल्याकडच्या निम्म्या कॉलेजात बसतो आणि कोणी काही म्हणत नाही, ते सोडा. कायद्याचं सांगतो. घटनेचं कलम ३० अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क देतं, तर आपल्या आवारात आपल्या संतांचे पुतळे लावणं हे त्यात आलं. पण कलम २८ चं तिसरं पोटकलम वाचा, सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा तिथल्या उपासनेला बसवता येत नाही, मूल सज्ञान नसेल तर पालकाची संमती लागते. डीम्ड युनिव्हर्सिटी ही मान्यताप्राप्तच असते. म्हणजे पुतळा बघावा लागेल, त्याच्यापुढं वाकावं लागणार नाही.

नुसतं आदरानं उभं राहणं आणि भाग घेणं यात फरक असतो हेही लक्षात ठेवा. १९८६ मध्ये केरळातल्या तीन शाळकरी भावंडांची केस सुप्रीम कोर्टात गेली होती, राष्ट्रगीताला ती उभी राहायची पण धर्माच्या कारणानं गायची नाहीत, शाळेनं काढून टाकलं, कोर्टानं परत घ्यायला लावलं. आदरानं उभं राहिलात तेवढं पुरे. तर असेंब्लीत प्रार्थना झाली तर पोरीनं शांत उभं राहावं, संपलं. प्रॉस्पेक्टसमध्ये काही अट छापली असेल तर तेवढी मात्र नीट वाचून घ्या, लोक फीचा आकडा वाचतात आणि बाकीची पानं उलटतात.

सडेतोड_पारोळा

बरं, कलम मान्य. शंका अजून आहे पण ते जाऊ द्या.

नवापूरकर

मी ख्रिस्ती आहे आणि मला स्वतःला हे पुतळे बघून धक्का बसला होता, म्हणून लिहितोय. खानदेशात ख्रिस्ती म्हटलं की लोक सगळ्यांना एका माळेत ओवतात. आमच्या नवापूर-नंदुरबार बाजूला मिशन आलं ते प्रोटेस्टंट, स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनवाले, त्यांचं चर्च म्हणजे चार भिंती, समोर लाकडी क्रूस, त्या क्रूसावर येशूही नाही, नुसता क्रूस. संत नाही, मेणबत्त्या नाहीत, मेरीचं नाव नाताळात येतं तेवढंच. ढोल मात्र असतो आणि गाणी आमच्या भाषेतली.

अकरावीला असताना मित्राबरोबर नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला गेलो, फेब्रुवारीत असते, ही गर्दी. बाळ येशूच्या डोक्यावर मुकुट, अंगात भरजरी झगा, लोक नवस बोलून राहिले, मेणबत्त्या लावून राहिले, त्यात निम्मे तरी हिंदू. घरी येऊन बाबांना सांगितलं तर बाबा दोन दिवस बोलले नाहीत. त्यांच्या दृष्टीनं दहा आज्ञांतली दुसरी आज्ञा मोडली, कोरीव मूर्ती करू नको. मग बऱ्याच वर्षांनी कळलं की कॅथलिक लोक त्या आज्ञा वेगळ्या मोजतात, मूर्तीचं वाक्य ते पहिल्याच आज्ञेत धरतात आणि शेवटच्या आज्ञेच्या दोन करून दहा पुऱ्या करतात. त्यांच्या दुसऱ्या आज्ञेत देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको हे येतं. बायबल तेच, आकडे वेगळे. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, कॅथलिकांना गणितही वेगळंच लागतं का.

तर पाव्हण्यांना सांगा की पुतळ्यापुढं वाकायचं की नाही यावर ख्रिस्ती लोकांचंच आपसात पाचशे वर्षं जमलेलं नाही, तुमच्या पोरीला कोण सक्ती करणार. मी अजूनही हात जोडत नाही. थांबतो, बघतो, पुढं जातो.

भुसावळ_जंक्शन

नवापूरकर, तुमच्या बाबांना माझा नमस्कार. पण एक सांगतो, आम्ही पुतळ्याची पूजा करतो असं म्हटलं की आम्हाला लागतं. उपासना फक्त देवाची, संतांना मान. चर्चच्या भाषेत दोन्हीला वेगळे शब्द आहेत. व्यवहारात माझी आजी अँथनीच्या पायाला हात लावून तोच हात ओठाला लावायची तेव्हा हा फरक तिच्या डोक्यात किती होता ते तिलाच माहीत, ते मी नाकारत नाही.

आमच्याकडच्या अँथनीची गोष्ट सांगतो. एका पावसाळ्यात फांदी पडून त्याची बोटं तुटली, प्लास्टरचा पुतळा, आतून काथ्या दिसायला लागला. दुरुस्तीला माणूस कुठून आणणार, तर गणपती करणारे एक काका होते त्यांनाच बोलावलं. त्यांनी बोटं झकास बसवली, रंग दिला, सगळं झाल्यावर डोळे तेवढे ठेवले आणि फादरना येऊन विचारलं, "डोळे उघडायच्या आधी तुमच्यात काही पूजा करतात का, मी उपाशी आलोय." फादर म्हणाले तुम्ही रंगवा, नंतर मी पवित्र पाणी शिंपडतो, आणि आधी चहा-पाव खा. आमच्यात प्राणप्रतिष्ठा नसते, नुसता आशीर्वाद असतो, पुतळा हा पुतळाच राहतो. पण आशीर्वाद दिलेला पुतळा फुटला तर उकिरड्यावर टाकत नाहीत, मातीत पुरतात किंवा जाळतात. काका म्हणाले मग विसर्जनच झालं की. काकांनी भुवया मात्र गणपतीच्याच काढल्या, जाड आणि वर वळलेल्या. आमचा अँथनी तेव्हापासून जरा रागीट दिसतो.

अमळनेरकर

इतिहास शिकवायचो, रिटायर झालोय, त्यामुळे लांबलं तर माफ करा. मूर्तीला मान द्यायचा की नाही हे भांडण फार जुनं आहे. आठव्या शतकात बायझंटाईन सम्राटांनी चित्रं-मूर्ती फोडायचे हुकूम काढले होते, शेवटी ७८७ मध्ये नायसियाला धर्मसभा भरली आणि तिथं ठरलं की चित्राला दिलेला मान हा ज्याचं चित्र आहे त्याला पोचतो. आपल्याला हे समजायला धर्मसभा लागत नाही. आमच्या अमळनेरला वैशाखात बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, समाधीवर डोकं ठेवणाऱ्याला विचारा महाराज देव का, तो म्हणेल देव पंढरीत, महाराज संत. मुक्ताईच्या पालखीत चालणाऱ्यालाही विचारा, तेच सांगेल. म्हणून आबा, तुमची आई चुकली नाही, तिनं फक्त "कोन देव शे" च्या जागी "कोन संत शे" म्हणायचं.

पण एका ठिकाणी ही तुलना तुटते आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडं संत कोण ते लोक ठरवतात, दिंडी निघाली, अभंग तोंडात बसले, झाला संत. त्यांच्याकडं रोममध्ये फाईल चालते. आधी माणसाच्या आयुष्याची चौकशी, साक्षीपुरावे, मग त्याच्याकडं प्रार्थना केल्यावर घडलेला एक चमत्कार तपासायचा, त्यात डॉक्टरांची समिती, मग धन्य म्हणून जाहीर, मग अजून एक चमत्कार, मग संत. पूर्वी तर संतपदाच्या विरुद्ध बाजू मांडायला चर्चचाच वकील असायचा, त्याला सैतानाचा वकील म्हणायचे, १९८३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ती पद्धत बदलली. वर चावराचं आलं, तो १९८६ मध्ये कोट्टायमला धन्य झाला आणि संत व्हायला २०१४ उजाडलं. आपल्या महसूल खात्यापेक्षा बरा वेग म्हणायचा.

आणि संत म्हणजे सगळे परदेशीच असंही नाही. आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया, फ्रान्सिस्कन ब्रदर, जपानात नागासाकीला ५ फेब्रुवारी १५९७ ला आणखी २५ जणांबरोबर क्रूसावर मारला गेला, १८६२ मध्ये संत झाला. वसईतलं पोर, म्हणजे आपल्याच मुलखातलं. त्याचा पुतळा वसईत आहे, बंगलोरच्या कॅम्पसमध्ये शोधायला सांगा पोरीला.

साऊथबेंडचा_जळगावकर

मी इंडियानात नोटर डेम युनिव्हर्सिटीत पीएचडी करतोय, कॅथलिक युनिव्हर्सिटीत पुतळे म्हणजे काय ते इथं या आणि बघा. १८४२ ची संस्था, फ्रेंच पाद्री एडवर्ड सोरिननं काढलेली. मेन बिल्डिंग १८७९ च्या एप्रिलमध्ये जळून खाक झाली, त्याच वर्षी परत उभी केली, आणि वरच्या घुमटावर मेरीचा पुतळा, घुमटाला खऱ्या सोन्याचा मुलामा. मैलभर लांबून चमकतो. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला आपलं शेगावच आठवलं, का ते माहीत नाही.

पण पोरं पुतळ्यांशी कशी वागतात ते ऐका. इथं अमेरिकन फुटबॉलचं वेड म्हणजे आपल्याकडं क्रिकेट आणि पोळा एकत्र. लायब्ररीच्या भिंतीवर येशूचं भलंमोठं चित्र आहे, दोन्ही हात वर, आणि खेळात टचडाउन म्हणजे गुण झाला की पंचही असेच दोन्ही हात वर करतो, तर त्याला पोरं टचडाउन जीजस म्हणतात. विल्यम कॉर्बी नावाच्या पाद्रीचा पुतळा आहे, १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईत सैनिकांना पापक्षमा देताना हात वर केलेला, त्यालाही खेळातलंच नाव, फेअर कॅच कॉर्बी, कारण झेल घेणारा खेळाडू एक हात वर करून खूण करतो तिला फेअर कॅच म्हणतात. कोणाच्या भावना दुखावत नाहीत. आपल्याकडं असं नाव ठेवलं असतं तर संध्याकाळपर्यंत बाजार बंद.

आणि दुसरी बाजूही बघितली. इथं फ्रान्समधल्या लूर्दच्या गुहेची सातपट लहान नक्कल आहे, १८९६ मध्ये बांधलेली, तीच लूर्द जिथं १८५८ मध्ये बर्नाडेट नावाच्या मुलीला मेरी दिसली म्हणतात. परीक्षेच्या आठवड्यात रात्री बारालाही तिथं मेणबत्त्यांची रांग. कॅथलिक, ज्यू, चिनी, काही न मानणारे, सगळे. पहिल्या हिवाळ्यात घरून फोन आला की आजी गेली, तिकीट काढूनही वेळेत पोचणं शक्य नव्हतं. बाहेर बर्फ, कुठं जावं कळेना, तर तिथं जाऊन एक मेणबत्ती लावली आणि विठ्ठल विठ्ठल म्हणत बसलो. बाजूला एक म्हातारी जपमाळ ओढत होती, तिनं न विचारता स्वतःचे हातमोजे काढून मला दिले.

सक्ती म्हणाल तर कोणी विचारलंसुद्धा नाही मला, तू कोण आणि इथं का बसलास म्हणून.

केळीपट्टा_चोपडा

मंडळी, काय सांगू, रात्री जेवण झाल्यावर सगळं आईला वाचून दाखवलं. मुका बैल ऐकून खूश झाली. केळीच्या खांबाच्या छापखान्यावर विश्वासच ठेवेना, म्हणे खांबात पाणी ऱ्हास, ते काय छापी. मग सांगितलं की खांबाचं फक्त मॉडेल होतं, मशीन लाकडाचं, तेव्हा पटलं. सापाचं अजून पूर्ण पटलेलं नाही, कृष्णाचं सांगितलं तर म्हणे किस्न नाचस, दाबी नही ऱ्हायना. पोरीनं फोटो परत पाठवले, लायब्ररीवाला बिनदाढीचा आहे, बाळ पुस्तकावरच बसलंय, म्हणजे अँथनी नक्की. दाढीवाल्याच्या हातात लिलीची फुलं आहेत. पाव्हण्यांना वकीलसाहेबांचं कलम व्हॉट्सॲपवर टाकलं, दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

एकच शंका राहिली, पोरगी हात जोडते पण ख्रिस्ती लोकांसारखा छातीवर क्रूस काढत नाही, तर ते अर्धवट वाटतं का?

भुसावळ_जंक्शन

अजिबात नाही आबा. क्रूस काढायचा तो विश्वास असेल तर, नुसता बघून नक्कल केली तर उलट आम्हालाच अवघडल्यासारखं होतं. हात जोडले ते उत्तम. चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेला बसली तर एकच पाळायचं, पाद्री ती पांढरी भाकर वाटतात ती रांगेत जाऊन घ्यायची नाही, ती फक्त बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असते, प्रसाद समजून बरेच जण हात पुढं करतात आणि मग फादरची पंचाईत होते. जागेवर बसून राहायचं, कोणी काही म्हणत नाही.

अमळनेरकर

आबा, आईंना अजून एक सांगा. थॉमस स्टीफन्स म्हणून इंग्रज जेझुइट, म्हणजे कॅथलिकांच्या एका संघातला पाद्री, १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला आणि येशूची सगळी कथा ओव्यांत लिहिली, ख्रिस्तपुराण, १६१६ मध्ये छापलं. तुकोबा तेव्हा आठेक वर्षांचे असतील. म्हणजे ह्या मंडळींच्या कानावर मराठी आज पडत नाहीये, चारशे वर्षं झाली.

केळीपट्टा_चोपडा

गुरुजी, हे तर लगेच सांगितलं. झालं असं की आईचा चष्मा परवापासून सापडत नाही, सगळं घर पालथं घातलं, पोरीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली आजी, मी लायब्ररीतच चालली, अँथनीला सांगते. आईनं जरा विचार केला, तुमचं चारशे वर्षांचंही ऐकून घेतलं, आणि म्हणे, "सांग वं बाई. पन त्याले मराठी समजस ते ठीक शे, अहिरानी समजस का?"